डावीकडचा खटका

माझ्या टेबलाच्या खणात तीन वह्या असतात. पहिली हातात घेतलेल्या कामांची, दुसरी पूर्ण झालेल्या कामांची. तिसरी पातळ आहे. तिच्यावर मी 'पूर्ण झालेली, पण न समजलेली कामं' असं लिहून ठेवलं आहे. पंचवीस वर्षांत तिच्यात चौदा नोंदी झाल्या. दिवाळीआधी दुकान आवरताना मी ती वही वाचते आणि एखादं काम मागाहून समजलं असेल तर ती नोंद खोडते. आतापर्यंत तीन खोडल्या. हा लेख अकराव्या नोंदीबद्दल आहे. ती खोडावी की नाही, हे माझं अजून ठरत नाही.

आधी धंदा सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर माझी एक खोली आहे. लोकांच्या डोक्यात एखादं उपकरण असतं. मी त्याच्या सर्किटचा पहिला नमुना जोडून देते. शिंपी पक्की शिलाई घालण्याआधी कच्चा दोरा घालून बघतो ना, तसं. नमुना चालला की माणसं तो घेऊन कारखान्यात जातात आणि मला विसरतात. ते योग्यच आहे. कच्चा दोरा कुणी जपून ठेवत नाही.

हा कच्चा दोरा आम्ही ब्रेडबोर्डवर घालतो. ती पांढऱ्या प्लॅस्टिकची, शेकडो बारीक भोकांची एक फळी असते. भोकात तार खुपसली की आतली पट्टी ती धरून ठेवते, ओढली की तार निघते. सोल्डरिंगचा पक्का डाग नाही, त्यामुळे चुकीचा पश्चात्तापही नाही. या फळीवर काम डावीकडून उजवीकडे जातं, आपण लिहितो तसं. डावीकडे खबर आणणाऱ्या गोष्टी: बटण, तारा, पाण्यात सोडलेल्या सळ्या. मध्ये त्या खबरीचा विचार करणारे भाग. उजवीकडे परिणाम: दिवा, घंटा, मोटर. असा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण फळी हातात घेतली की जुना कारागीर याच वाटेने जातो.

गिऱ्हाइकं मात्र कुठल्याही वाटेने येतात. लोणी काळभोरचे एक शेतकरी आले होते. त्यांना विहिरीवर वीज आहे की नाही, हे घरात कळायला हवं होतं. मी वीज आली की लागणारा दिवा करून दिला. दुसऱ्या दिवशी परत.

"ताई, उलटं झालं. लाइट नसली की दिवा लागला पायजे."

"अहो, लाइट नसताना दिवा कसा लागेल?"

"ते तुमचं तुमी बघा. लाइट हाय तवा मला ठावं असतंय, मोटार वरडती. नसती तवाच इचारायची येळ येती."

मी बॅटरी घालून तसा दिवा करून दिला. ही चौथी नोंद. घरी जाऊन दोनदा विचार केल्यावर त्यांचंच बरोबर आहे हे पटलं आणि ती खोडली.

अकरावी नोंद अशी सहज पटणारी नव्हती.

एका सोमवारी खडकीहून फोन आला. "मी सौ. गायकवाड बोलतेय. तुम्ही सर्किटं जोडता ना? मला एक फिरता पाट करून हवाय."

"जेवायचा?"

"नाही हो. ती फळी असते ना भोकांची, ती ठेवायला. गोल फिरला पाहिजे. पण मोटर नको, हातानेच. आणि हवा तिथे थांबला पाहिजे."

"कशासाठी, ते कळलं तर बरं होईल."

"सगळ्या बाजूंनी बघता यावं म्हणून."

फळी तळहातापेक्षा थोडी लांब. ती सगळ्या बाजूंनी बघायला उचलून फिरवली की झालं. मी तसं म्हणाले. गायकवाड काकू म्हणाल्या, "उद्या यांना घेऊनच येते."

गायकवाड सर खडकीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं माल तपासायचं काम केलेले. ताठ बसलेले, शर्टाला कडक इस्त्री, पण दाढी फक्त एका गालाची केलेली. निघताना घाई झाली असेल, असं मी धरून चालले. मी त्यांच्या डावीकडच्या खुर्चीत बसून प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. समोरच्या भिंतीकडे बघत उत्तरं दिली. पुण्यात याला कुणी अपमान म्हणत नाही, वेळेची बचत म्हणतात. मीही रागावले नाही.

"पाट केवढा हवा, सर?"

"मला काहीही नकोय. हिचं खूळ आहे."

"असू दे खूळ," काकू म्हणाल्या. "मॅडम, तुम्ही मापं घ्या."

मी मापं घेतली. ते गेल्यावर यादी केली. फिरणारा पाट कुणाला लागेल? एक, दोघं समोरासमोर बसून एकाच फळीवर काम करत असतील तर. दोन, फळीला एवढे जोड असतील की उचलता येत नाही. तीन, प्रदर्शनात मांडायचं असेल तर. तिन्ही जमेनात. मग मी अशा वेळी करते तेच केलं: कारण सोडून दिलं आणि काम उत्तम करायचं ठरवलं. धंद्यात हा माझा गुण मानला जातो.

काम खरंच छान झालं. जाड प्लायवूडची गोल चकती, खाली रविवार पेठेतून आणलेलं बेअरिंग. वीज देणाऱ्या तारा फिरताना पिळतात, म्हणून मध्ये तांब्याची दोन कडी आणि त्यांवर घासत राहणाऱ्या दोन पितळी पट्ट्या बसवल्या. पाट हजार वेळा फिरवा, तारेला पीळ नाही. कडेला आठ खाचा केल्या. पाट फिरवला की प्रत्येक खाचेवर 'खट्' वाजून तो क्षणभर अडतो. एका थांब्यापासून दुसऱ्यापर्यंत वर्तुळाचा आठवा भाग. आणि पाट पक्का धरून ठेवायला सुपारीएवढ्या लाल मुठीचा एक खटका. उजवा हात कामात असतो, डावा मोकळा असतो, म्हणून खटका पाटाखालच्या स्थिर बैठकीच्या डाव्या बाजूला. वीज जोडायची टर्मिनलंही तिथेच. बावीस मुद्द्यांची तपासणी यादी केली, बावीस खुणा केल्या आणि पाट खडकीला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन.

"मॅडम, पाट मिळाला. फिरतो छान. पक्का कशाने करायचा?"

"खटका दिलाय, सर."

"दिलेला नाही."

"डाव्या बाजूला आहे. लाल मुठीचा."

"मी चाळीस वर्षं माल तपासलाय. नसलेला भाग मला कळतो."

"सर, जरा डोळे उघडे ठेवून बघा."

पलीकडून फोन ठेवला गेला.

हे वाक्य मी रागात बोलले. ते मला पुढे सलणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

हत्यारांची पिशवी घेऊन मी खडकीला गेले. सहा घरांची जुनी इमारत, तळमजल्यावर गायकवाड. टेबलावर माझा पाट, आणि त्याच्या डाव्या बाजूला भर उजेडात लाल मूठ. मी पूर्ण बैठक उचलली आणि मूठ सरांच्या नाकासमोर धरली.

सरांनी ती नीट बघितली. दाबून बघितली. "हा काल नव्हता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. ते एक निरीक्षण सांगत होते. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

पाटावर फळी होती. सर इमारतीच्या पाण्याच्या टाकीसाठी घंटा जोडत होते: टाकी भरली की पाणी सळ्यांना लागतं, बारीक प्रवाह वाहतो, घंटा वाजते, मग पंप बंद करायचा. शाळेतला प्रयोग म्हणावा इतकं सोपं सर्किट. फळीच्या उजव्या अर्ध्यातलं काम बघून मला हेवा वाटला. तारा काटकोनात, एकसारख्या लांबीच्या, एकही ढिली नाही. आणि डावा अर्धा कोरा. मधोमध कुणी रेघ मारावी तसा.

"सर, टाकीकडून येणाऱ्या तारा?"

"लावल्यात."

"कुठे?"

"जिथे लावतात तिथे." त्यांनी एक तार उजव्या अर्ध्यातच टेकवली. घंटा खणखणीत वाजली. "बघा. काम पूर्ण आहे. टाकीला जोडलं की वाजत नाही, म्हणजे टाकीत दोष आहे."

काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या, तेव्हा कुठे खरी गोष्ट कळली, तीही अर्धीच. पंपाचं बटण तळमजल्यावर यांच्याच घरात. टाकीची घंटा सरांनीच केलेली, पंधरा वर्षं चाललेली. उन्हाळ्यात ती बंद पडली. तीन महिने सर नवी जोडत होते आणि टाकी वाहून जात होती. येत्या रविवारी सोसायटीची सभा होती. सेक्रेटरींनी नोटीस लावली होती: तयार घंटा विकत आणावी आणि पंपाचं बटण जिन्याखाली हलवावं.

"घंटा आणली तर आणली," काकू म्हणाल्या. "पण वर कुणाचा बल्ब गेला तरी 'गायकवाडांना बोलवा' म्हणायचे लोक. आता जिन्यात भेटले की हवापाण्याचं बोलतात."

परतीच्या वाटेवर मी यादी केली. एक, सर माझी परीक्षा घेताहेत. दोन, काम पसंत नाही आणि तसं सांगायचं नाही. तीन, नजर कमी झाली आहे. तिसरं लगेच खोडलं, कारण रेझिस्टरवरचे केसाएवढे रंगीत पट्टे त्यांनी हातभर अंतरावरून बिनचूक वाचले होते. चार, मीच वेडी झाले आहे. चौथ्यावर खूणही करवेना आणि ते खोडवेनाही.

गुरुवारी पुन्हा गेले. जेवायची वेळ झाली होती आणि काकूंनी सोडलं नाही. टेबलावर तीन ताटं वाढली. आपल्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली असते: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, खाली पोळी. मी सरांच्या समोर बसले होते. त्यांनी भाजी संपवली, आमटी संपवली, पोळीचा उजवीकडचा भाग तोडून खाल्ला. मग वाटी पुसून म्हणाले, "आमटी चांगली होती. अगं, पण हल्ली तू चटणी-कोशिंबीर करणं सोडूनच दिलंस."

चटणी ताटात होती. कोशिंबीर होती. अर्धी पोळी होती.

काकूंनी बोलता बोलता हात पुढे केला आणि ताट अर्धं फिरवलं.

"अरे वा," सर म्हणाले, "खोबऱ्याची!" आणि जेवायला लागले.

माझा घास हातातच राहिला. लाल मूठ, कोरी अर्धी फळी, एका गालाची दाढी, माझ्याकडे न वळलेलं तोंड: सगळं एकाच बाजूचं होतं, आणि मी ते चार वेगवेगळ्या याद्यांत टाकलं होतं.

स्वयंपाकघरात काकूंनी उरलेलं सांगितलं. शिमग्याच्या सुमारास मेंदूत झटका येऊन गेला होता. हातपाय सावरले. "डॉक्टर म्हणाले, डोळे शाबूत आहेत. पण डावी बाजू म्हणून काही आहे, हेच डोक्याला वाटत नाही. सांगितलं की 'हो, माहितेय' म्हणतात. आणि दुसऱ्या मिनिटाला ती बाजू गेलेली असते. ताट फिरवलं की चालतं. म्हणून म्हटलं, फळीही फिरावी."

"मग मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही आजाऱ्याचा पाट केला असता. तो यांनी वापरला नसता."

पण गोंधळ संपला नव्हता, फक्त खोल गेला होता. अर्धी फळी दिसत नाही तर तिथे काय दिसतं? काळोख? काकूंना ठाऊक नव्हतं. मी घरी माझ्या डोक्यामागे काय दिसतं याचा विचार करून बघितला. तिथे काळोखही नाही. तिथे काहीच नाही, आणि त्याचं मला एरवी कधी वाईट वाटलेलं नाही. इथपर्यंत पोचले की माझं डोकं गरगरतं आणि मी दुसरं काम काढते.

कामाचा प्रश्न मात्र आता सरळ होता. ताट काकू फिरवत होत्या; पाट सरांनी स्वतः फिरवायला हवा होता. आणि ते फिरवणार नव्हते, कारण त्यांच्या लेखी काम पूर्ण होतं. ज्याचं काम पूर्ण झालं आहे तो पाट कशाला फिरवेल?

उत्तर माझ्याच खणात होतं. याद्या. चाळीस वर्षं माल तपासलेला माणूस तपासणी कार्डाला 'का' विचारत नाही. मी पाट दुकानात नेऊन खटका आणि टर्मिनलं उजवीकडे आणली, चकतीच्या कडेला एक ते आठ आकडे घातले आणि एक कार्ड तयार केलं. थांबा एक: उजव्या हाताशी काय आहे? लिहा, खूण करा, पाट पुढे फिरवा. थांबा दोन: तेच. असे आठ. कार्ड रुंद असतं तर त्याचीही डावी बाजू हरवली असती, म्हणून बसच्या तिकिटासारखी अरुंद पट्टी कापली आणि उजव्या कडेला अडकवली. आडव्या ओळीत चार शब्दांच्या वर काही लिहिलं नाही.

शनिवारी सकाळी मी पाट मांडला. या वेळी सरांच्या उजवीकडे बसले. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "या मॅडम. आज आलात होय?" आधीच्या फेऱ्यांत मी त्यांच्या हिशेबी नीटशी आलेच नसेन.

"हे कार्ड कुणी मागितलं?"

"कुणी नाही. कार्ड भरल्याशिवाय मी पाट ताब्यात देत नाही. माझी पद्धत आहे." हे साफ खोटं होतं.

"पद्धत चांगली आहे. पट्टी ठिगळासारखी दिसतेय, पण चालेल." त्यांनी पेन काढलं.

थांबा एक: घंटा, दोन तारा. खूण. खट्. थांबा दोन: ट्रान्झिस्टर. खूण. खट्. थांबा तीन. खट्. थांबा चार. खट्. पाचव्या थांब्यावर पाट बरोबर अर्धा फिरलेला असतो. सरांचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. फळीचा कोरा भाग त्यांच्या उजव्या हाताशी आला होता.

काकू दारात उभ्या होत्या.

"इथलं काम कुणी काढलं?" सरांनी विचारलं.

मी काकूंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"कुणी काढलेलं नाही, सर."

त्यांनी बोटाने ती रिकामी भोकं चाचपली, एकेक रांग, शेवटपर्यंत. मग पाट उलटा फिरवला, खट् खट् खट् खट्, एकवर आणला. पुन्हा पाचवर नेला. असं तीनदा. मग कार्डावर पाचव्या ओळीत लिहिलं: काम बाकी. खूण केली नाही.

"तारा आण," ते काकूंना म्हणाले. "आणि मॅडमना चहा दे. त्यांना थांबावं लागणार आहे."

दुपारी तीनपर्यंत टाकीकडच्या तारा जोडून झाल्या. पाट किती वेळा फिरला ते मी मोजलं नाही, आणि मी सहसा मोजते. रविवारी सभेच्या मध्यावर घंटा वाजली. सर उठून पंप बंद करून आले. सेक्रेटरींनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक. विषय क्रमांक तीन रद्द. पुढचा विषय." खडकीतला हा टाळ्यांचा कडकडाट समजावा, असं काकूंनी फोनवर सांगितलं.

पुढे काही महिन्यांनी त्यांनी मला मुद्दाम जेवायला बोलावलं. मी ठरवून सरांच्या उजवीकडे बसले. भाजी-आमटी संपल्यावर काकूंचा हात ताटाकडे जायच्या आत सरांनी स्वतःच ताटाची कड धरली, जीभ टाळूला लावून 'खट्' असा आवाज काढला आणि ताट फिरवलं. चटणी पुढे आली.

"दिसायला लागलं का, सर?" मी विचारलं.

"छे. डावीकडे काही नाहीच. नाही, हेसुद्धा दिसत नाही. पण खट् केलं की पुढे काहीतरी येतं, एवढं चार-पाचशे वेळा तपासून झालंय. म्हणून असणार, असं धरून चालतो." चटणीचं बोट चाटून ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही फोनवर म्हणाला होतात, डोळे उघडे ठेवून बघा."

मी खाली बघितलं.

"उघडेच होते हो," सर म्हणाले. तक्रार नव्हती. हेही एक निरीक्षण होतं.

तेवढ्यात टाकी भरली आणि घंटा वाजू लागली. पंपाचं बटण सरांच्या डाव्या हाताच्या भिंतीवर, दोन पावलांवर आहे. सर उठले, आणि उजवीकडे वळले. खिडकी, मग पाठीमागचं कपाट, मग दार, असे सावकाश स्वतःभोवती वळत वळत ते बटणासमोर आले आणि त्यांनी ते दाबलं. घंटा थांबली.

"रोज असंच," काकू हळूच म्हणाल्या.

मी मोजलं होतं. आठ थांब्यांपैकी सहा.